दारात आलेला पाय

लोहारा, २० जुलै

माणिकअण्णा,

नमस्कार घे, नाहीतर कोनाड्यात ठेवून दे. तुझी मर्जी.

तुझा फोन बंद. वहिनीला लावला की तू गोठ्यात. सकाळी गोठ्यात, दुपारी गोठ्यात, दिवेलागणीलाही गोठ्यात. दोन म्हशी आहेत की तहसील कचेरी, तेच कळेना. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. गोरोबाची जीप लोहारा-माकणी दिवसभर फिरतच असते. पत्र अण्णाच्या हातात दिल्याशिवाय तिथून हलायचं नाही, असं त्याला बजावलंय.

शिवप्रियाची पहिली केमो झाली. सोलापूरहून परवा घरी आलो. केमो म्हणजे सलाईनमधून औषध जातं, बघायला त्यात काही नाही. पण नंतर पोरगी जी पडली ती उठेना. पाणी पोटात ठरत नाही, तोंड आतून सोललंय. अंगणवाडीत मी गावभरची पोरं काट्यावर उभी करते, कुणाचं वजन घटलं की त्याच्या आईला चार शब्द सुनावते. स्वतःच्या पोरीला काट्यावर उभी करायची माझी छाती होत नाही.

आता त्या दिवसाचं. गुडघ्यातून काढलेला तुकडा तपासून आला, हाडाचा कॅन्सर म्हणाले, आणि दवाखान्याच्या जिन्यात हे तुला चारचौघांत बोलले, "तुमच्या हातानं पोरीचा घात झाला, माणिकअण्णा. आता पुन्हा तिला हात लावू नका." तू पायऱ्या उतरून निघून गेलास. मी तुला थांबवलं नाही. कारण त्या घटकेला मलाही तसंच वाटत होतं. अजूनही अधूनमधून वाटतं. मग आठवतं की चैत्रात गुडघा सुजला तेव्हा तू काही आमच्या घरी तेलाची वाटी घेऊन आला नव्हतास. आम्हीच तिला तुझ्याकडे आणली. दोरीवरच्या उड्या मारताना पडली असेल, अण्णाचा हात फिरला की उतरेल, असं मी म्हणाले, सासूबाई म्हणाल्या, हेसुद्धा म्हणाले. तू चोळलंस, एरंडाची पानं बांधलीस. सूज उतरली नाही तरी आम्ही आणतच राहिलो. इथल्या डॉक्टरांनीही वाढीचं दुखणं म्हणून गोळ्या दिल्याच की.

हे सगळं मी तुला माफ केलं म्हणून लिहीत नाही. माफ करायला मला आत्ता वेळ नाही. शिवप्रिया विचारते, मामा का येत नाही? मी सांगते, गोठ्यात आहे.

भुवनेश्वरी


लोहारा, २४ ऑगस्ट

अण्णा,

पत्राला उत्तर नाही, पण दूध येतंय. गोरोबा रोज सकाळी किटली ओट्यावर ठेवतो आणि काही न बोलता जातो. तू त्यालाही तुझं मौन शिकवलंस वाटतं. दूध चांगलं आहे, साय बोटभर येते. उकळून थंड करून देते. पण दूध बोलत नाही रे अण्णा.

केस गेले. मला वाटलं होतं रडेल. आरशासमोर उभी राहिली, टाळूवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "अव्वा, म्या आता मठातल्या स्वामीवानी दिसते." सासूबाई आत जाऊन रडल्या. मी हसले, मग भांडी घासायच्या निमित्तानं मागच्या दारी गेले.

ती चिडकी झालीय. गुडघ्याला कुणालाही हात लावू देत नाही. नर्सला नाही, मला नाही. मोठ्या डॉक्टरांनी तपासायला हात पुढं केला तर म्हणाली, "तुमचा हात गार हाय. मामाचा ऊन असतो." डॉक्टरांनी विचारलं, मामा कोण? हे खिडकीतून बाहेर बघत बसले.

मग मी डॉक्टरांना बाजूला गाठून सरळ विचारलं, "चोळल्यामुळं झालं का हो?" ते म्हणाले, चोळल्यानं कॅन्सर होत नाही. तो आधीच हाडात होता, म्हणून तर सूज होती. हे तुला कळावं म्हणून मुद्दाम लिहिते.

गोरोबानं मात्र तोंड उघडलं एकदा. त्याचं मनगट जॅक लावताना मुरगळलं, म्हणून तो तुझ्याकडे आला होता. तू त्याला ओट्यावरूनच परत लावलंस. तो सांगत होता, "अक्का, अण्णा म्हनले माझा हात गेला, आता दुसरीकडं जा. आसं कसं व्हईल? बलसूरहून एक म्हातारी आलती, तिलाबी तसंच धाडलं." आता तो एका हातानं जीप चालवतो आणि दुसऱ्या हातानं देवाचं नाव घेतो. त्याच्या जीपमध्ये बसणाऱ्यांची काळजी तुला नसेल तर नसो.

पण आप्पांचं तरी ध्यान ठेव. आप्पांनी आपला चोळायचा हात तुला दिला तेव्हा काय बजावलं होतं, मी चुलीजवळ बसून ऐकलंय. दाम घ्यायचा नाही, नारळ घ्यायचा. आणि दारात आलेला पाय परत पाठवायचा नाही. जेवणावरून उठून जायचे आप्पा. आई चिडायची, "ताट गार होतंय." ते म्हणायचे, "ताट थांबतं, पाय थांबत न्हाय."

तू आता पाय परत पाठवतोस. कुणाला शिक्षा करतोस ते तुझं तुला ठाऊक.

भुवना


लोहारा, ३० सप्टेंबर

अण्णा,

धरणाचे दरवाजे उघडलेत म्हणून रस्ता बंद होता, नाहीतर हे पत्र आधीच पोचलं असतं. तुमच्याकडे पाणी कुठवर आलंय? गोरोबा म्हणतो तुझं सोयाबीन गेलं. वाईट वाटलं, पण खरं सांगते, नीट वाईट वाटायलासुद्धा आता अंगात त्राण लागतं. माझं सगळं एकाच ठिकाणी खर्च होतंय.

ऑपरेशन ठरलं. ९ ऑक्टोबर. मुंबईहून मोठे डॉक्टर येणार आहेत. मांडीच्या हाडाचा गुडघ्याकडचा भाग काढून तिथं धातूचा सांधा बसवायचा, असा बेत आहे. तसं झालं तर पोरगी काठी घेऊन का होईना, स्वतःच्या दोन पायांवर चालेल. पण गाठ रक्ताच्या मोठ्या नळीला चिकटली आहे की नाही, हे उघडल्यावरच नक्की कळणार. चिकटली असेल तर पाय ठेवता येणार नाही. मांडीतून काढावा लागेल. दोन्हींना संमती द्या म्हणाले. ह्यांनी पेन हातात घेतलं आणि तसेच बसून राहिले. नर्स दोनदा येऊन गेली. शेवटी मी म्हणाले, "आणा इकडं." सही केली, आणि बाहेर येऊन नळाखाली हात धुतले. का धुतले मला ठाऊक नाही.

शिवप्रियाला आम्ही दोन्ही सांगितलं. ती अकरा वर्षांची आहे, तिच्यापासून काय लपवणार? ती ऐकून घेते आणि पांघरूण तोंडावर ओढते. काल जेवताना म्हणाली, "मामाला एकडाव धरू दे म्हनावं. मग मी जाते आत." मी म्हणाले, मामाला लई काम असतं. तर म्हणाली, "पप्पानं आडवलंय, मला ठाव हाय. जिन्यात म्या ऐकलं." आम्हाला वाटत होतं ती व्हीलचेअरवर पेंगत होती.

हे समोरच होते. ताटातली भाकरी कुस्करत राहिले. रागानं बोललेला माणूस आहे अण्णा, वाईट माणूस नाही. बोलणं तोंडातून गेलं, आता परत कसं घ्यावं ते त्याला येत नाही. दुकानात गिऱ्हाईकाकडून परत आलेला माल गुमान घेतो, पण स्वतःचा शब्द घेता येत नाही.

मी मात्र सांगते. ८ तारखेला संध्याकाळी सोलापूरला ये. कुणी अडवणार नाही, मी दारात उभी राहीन. चोळायचं नाही, काही करायचं नाही. नुसता हात ठेव. तुझी गौडती वाट बघते आहे. तू तिला गौडती म्हणून चिडवायचास ना, आता खरंच पाटलीणबाईसारखी हुकूम सोडते. ये रे.

तुझी भुवना


सोलापूर, १२ ऑक्टोबर

अण्णा,

ऑपरेशन झालं. सगळं नीट पार पडलं. गाठ पूर्ण निघाली म्हणाले. काळजी करू नकोस.

आत नेताना गळ्यातलं इष्टलिंग काढा म्हणून नर्सनं सांगितलं. सासूबाईंचा जीव घाबरा झाला. जन्मल्यापासून अंगावेगळं केलेलं नाही. पण वाद घातला नाही त्यांनी. शिवप्रियाचं लिंग सोडून आपल्या लिंगाशेजारी स्वतःच्या गळ्यात बांधलं, वर पदर ओढला आणि पोरगी बाहेर येईपर्यंत घोटभर पाणी घेतलं नाही.

आठ तारखेला मी दारात उभी होते. सोलापूरला यायला बस असते, जीप असते. असो.

दूध पाठवू नकोस, घरी कुणी नाही.

भुवनेश्वरी


लोहारा, २३ ऑक्टोबर, भाऊबीज

अण्णा,

सकाळी गोरोबा तुझी ओवाळणी घेऊन आला. साडी चांगली आहे, वहिनीनं निवडलेली दिसते, तुला कुठला हिरवा कळतोय! ताट केलं होतं. कुणाला ओवाळू? गोरोबाला पाटावर बसवला आणि त्यालाच ओवाळलं. बिचारा घामाघूम झाला. जाताना म्हणाला, "अक्का, अण्णाला काय सांगू?" मी म्हणाले, थांब, लिहून देते. तो बाहेर जीपमध्ये बसलाय आणि मी लिहिते आहे.

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. गाठ निघाली हे खरं. बाकी नाही. अण्णा, पाय गेला. उजवा. गुडघ्याच्या वरून.

गाठ नळीला चिकटली होती. डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचं फडकं खाली केलं आणि म्हणाले, "ठेवायचा प्रयत्न केला असता तर मुलगी राहिली नसती." मी हो म्हणाले. जणू ते चहा घेणार का विचारत होते, तसं हो म्हणाले.

तेव्हा लिहिलं नाही, कारण तुला हे कळलं तर तू काय करशील याची मला भीती वाटली. धरण तुझ्या घरापासून लांब नाही. आजसुद्धा लिहिते आहे ते भीत भीतच. पण खोट्यावर भाऊबीज होत नाही. आणखी एक आहे. ऑगस्टमध्ये डॉक्टरांचं म्हणणं मी तुला अर्धंच कळवलं होतं. चोळल्यानं कॅन्सर होत नाही, हे ते म्हणाले होते. पण पुढं असंही म्हणाले की सुजलेल्या जागी चोळायला नको होतं, आणि लवकर आणलं असतं तर पाय राखायला जास्त वाव होता. किती जास्त, ते त्यांना सांगता येत नाही. तो उशीर तुझा, माझा, ह्यांचा, सासूबाईंचा आणि गोळ्या देणाऱ्याचा. सगळ्यांत वाटून घेतला तरी कमी होत नाही. मी वाटून बघितलाय. पण एकट्यानं तू उचलून गोठ्यात बसावं, एवढा काही तो तुझा नाही. तुझ्याएवढाच माझाही आहे, आणि मला बसायला गोठा नाही.

तिला जाग आली तेव्हा पांघरूण सपाट दिसत होतं. तिनं बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "एक बूट आता कुनाला देयाचा?" एवढंच. रडली ती तिसऱ्या दिवशी, आणि तेही इडली गार आली म्हणून.

मला तुझा राग येतो, अण्णा. आठ तारखेला आला नाहीस म्हणून येतो. पायासाठी नाही. तिनं आत जाताना मागं वळून जिन्याकडे बघितलं, त्यासाठी येतो. आणि तरी सकाळी साडी हातात घेतली आणि तुझ्या घरचा वास आला, तेव्हा वाटलं, आत्ता जीपमध्ये बसावं आणि तुझ्या ओट्यावर जाऊन आडवं व्हावं. मी थकले रे. मला कुणीतरी, तू जरा पड, मी बघतो, असं म्हणायला पाहिजे.

पत्र मिळाल्यावर गोरोबाला समोर बसवून घे. एकटा राहू नकोस. तू गोठ्यातून घरात आलास की वहिनीला मला फोन करायला सांग. नुसती रिंग दिली तरी चालेल.

भुवना


लोहारा, २७ नोव्हेंबर

अण्णा,

त्या दिवशी वहिनीनं रिंग दिली. मी फोन उचलला तेव्हा पलीकडून कुणी बोललं नाही, पण खोकला ओळखला. तेवढ्यावर महिना काढला.

टाके निघाले, जखम भरली. केमो परत सुरू झालीय, अजून बऱ्याच आहेत. कुबड्या घेऊन ती अंगणात जाते, शेजारच्या कोंबडीला त्यांनीच हाकलते. खरं दुखणं वेगळंच निघालं. जो पाय नाही त्याची बोटं दुखतात म्हणते. अंगठा मुडपल्यासारखा होतो आणि सरळच होत नाही म्हणून ओरडते. सासूबाईंना वाटलं बाहेरचं काही लागलं, लिंबू उतरवायला निघाल्या. पण दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, असं होतं, पायाच्या शिरांना अजून पाय गेल्याचं कळलेलं नसतं. मला ते लगेच पटलं. मलाही कुठं कळलंय! अजून मी तिचे दोन्ही मोजे धुते.

आता नीट वाच. बाई म्हणाल्या, मांडीचा जो भाग उरलाय त्याला रोज हात लावायचा. आधी नुसता ठेवायचा, मग हलके थोपटायचं, मग चोळायचं. त्या कातडीला माणसाच्या हाताची सवय झाली पाहिजे. त्याशिवाय नकली पाय बसत नाही, आणि बोटांचं ते दुखणंही त्यानं कमी होतं. मी दोनदा विचारलं, "चोळायचं? नक्की?" बाईंना वाटलं मला ऐकू कमी येतं. "हो ताई, चोळायचं. घरच्या कुणीही." ज्या चोळण्यापायी आपल्यात इतकं झालं, तेच आता औषध म्हणून सांगतात. हसावं का रडावं ते कळेना, तर मी त्यांच्यासमोर हसले.

घरी आल्यावर मी हात लावला, ती किंचाळली. सासूबाईंनी लावला, त्यांना चापट बसली. काल हे बसले. हात धुतले, तळवे एकमेकांवर घासून ऊन केले, अगदी तू करायचास तसे. त्यांनी ते कधी बघून ठेवलं होतं मला माहीत नाही. हळूच ठेवला हात. ती ओरडली नाही, पण तिनं दात आवळले होते. मग त्यांनी हात काढला. तिच्यावर पांघरूण सारखं केलं आणि म्हणाले, "हे आपल्याच्यानं हुनार न्हाय. माणिकअण्णाकडं न्यायला पायजे."

शिवप्रिया म्हणाली, "तुमीच नको म्हनलाव की."

हे म्हणाले, "व्हय. म्याच म्हनलो. चुकलं माझं."

माझ्यासमोर म्हणाले, अण्णा. पोरीला म्हणाले. तुला म्हणतील की नाही, सांगता येत नाही. नाही म्हणाले तर त्यांना चहा पाज आणि तू तरी बोल, कुणीतरी आधी बोललं पाहिजे.

तू येणार नाहीस हे मी आता धरूनच चालले आहे. म्हणून आम्हीच येतोय, रविवारी सकाळी, गोरोबाच्या जीपनं. पुढच्या सीटवर शिवप्रिया पाय... मांडी लांब करून बसेल, मागं आम्ही दोघं आणि सासूबाई. गोरोबाचं मनगटही बघ येताजाता, नाहीतर एखाद्या दिवशी आम्हा सगळ्यांना घेऊन तो तेरणा नदीत जाईल.

तुझा हात गेला म्हणतोस. गेला असेल. माझ्या पोरीचा पाय गेलाय, तरी ती रोज सकाळी उठून बसते. गोठ्यात जायचं असेल तर रविवारी पहाटेच जाऊन ये. आम्ही ओट्यावर येऊन बसू, आणि तू बाहेर येईपर्यंत उठणार नाही. आप्पांचा नियम मी तिला सांगितलाय. तिनं विचारलं, "पन मामाच्या दारात माझा एकच पाय येनार. चालंल का?" मी म्हणाले, मामालाच विचार.

ओट्यावर सतरंजी टाकून ठेव. उशी एक लागेल, मांडीखाली घ्यायला. तेलाची वाटी काढू नकोस. कोरडाच हात पाहिजे, बाईंनी सांगितलंय. नारळ आम्ही आणतो.

भुवना